कानांनी केलेले संपादन

मनुष्याने लिपी शोधून काढली त्याला पाच हजार वर्षे होऊन गेली. पण उच्चारलेला शब्द जसाच्या तसा साठवून तो पुन्हा ऐकविण्याची विद्या त्याला साध्य झाली ती १८७७ साली. त्या वर्षी अमेरिकेत थॉमस एडिसन याने कथिलाच्या वर्खावर सुईने आवाज कोरला आणि तो परत ऐकविला. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात लेख लिहून त्याने आपल्या यंत्राचे संभाव्य उपयोग क्रमवार मांडले. पहिला उपयोग तोंडी मजकूर सांगून पत्रे लिहिविण्याचा. दुसरा उपयोग अंधांसाठी बोलकी पुस्तके तयार करण्याचा. संगीताचा क्रम त्याच्याही खाली लागला होता. ध्वनिमुद्रणाच्या जन्मकाळीच त्याच्या जनकाला अंधांची आठवण झाली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तथापि त्या यादीत अंधांना जी जागा मिळाली ती ऐकणाऱ्याची. पुस्तक कोणी तरी वाचावे, कोणी तरी मुद्रित करावे, चुकले असेल ते कोणी तरी दुरुस्त करावे, आणि अखेरीस अंधाने ते ऐकावे, अशी ही व्यवस्था. ज्याचे सारे आयुष्य आवाजाच्या आधाराने चालते, त्याच्या हाती आवाज घडविण्याचे काम केव्हा आणि कसे आले, हा प्रश्न मात्र इतिहासात फारसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसते, की हे काम त्याच्या हाती एकदा आले, मग त्याच्या हातून गेले, आणि पुढे पुन्हा आले. या येण्याजाण्याची ही कथा आहे.

ध्वनीचे संपादन म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. बेळगाव जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, निपाणीच्या ईशान्येस आणि इचलकरंजीच्या दक्षिणेस, दूधगंगेच्या खोऱ्यात बोरगाव हे गाव आहे. आजूबाजूला उसाचे मळे आणि तंबाखूची शेते. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. अशा गावी एखाद्या वृद्धेने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या कोणी मुद्रित करावयाचे ठरविले असे समजावे. आजी ओवी म्हणू लागतात, मध्येच खोकतात, एखादी ओळ विसरून पहिल्यापासून सुरुवात करतात. बाहेर कुत्रे भुंकते, उसाचा ट्रॅक्टर जातो, नातवंड हाक मारते. अर्ध्या तासाच्या या मुद्रणातून बारा मिनिटांचा सलग, निर्मळ आणि तरीही खरा वाटणारा आवाज काढावयाचा, विसरलेली ओळ वगळावयाची, पण दोन ओव्यांमधला श्वास मात्र राखावयाचा, याचे नाव संपादन. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून मराठी स्त्रियांच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील काही ध्वनिमुद्रितही झाल्या. त्यावरून अशा कामाचे मोल ध्यानात येईल. मुद्रण करणे सोपे आहे. काय ठेवावे आणि काय टाकावे, हे ठरविणे हीच यातली खरी कसोटी होय.

ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या अर्धशतकात ही कसोटी कोणालाच द्यावी लागली नाही, कारण तबकडीवर एकदा कोरलेला आवाज कापता येत नसे. अमेरिकेत १९३४ साली आणि इंग्लंडात १९३५ साली अंधांसाठी बोलक्या पुस्तकांच्या तबकड्या निघू लागल्या. वाचकाची जीभ अडखळली तर त्या बाजूवरचे सारे वाचन पुन्हा करावे लागे. तबकडीपुढे डोळस आणि अंध दोघेही सारखेच लाचार होते.

आपल्याकडे त्या काळी अंधांच्या शिक्षणाचा पायाच घातला जात होता. मुंबईत अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनी १९०० साली अंधशाळा सुरू केली आणि १९०२ साली व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. नागपुरात १९२८ साली द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन स्थापन झाली आणि पुण्यात १९३४ साली अंधशाळा उभी राहिली. निरनिराळ्या भारतीय भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या प्रचारात होत्या. त्यांचा मेळ घालून भारती ब्रेल १९५१ साली मान्य झाली आणि त्याच सुमारास देहराडूनला ब्रेल छापखाना सुरू झाला. मुंबईत १९५२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेची स्थापना झाली व पुढे तिने बोलक्या पुस्तकांचे कार्यही अंगावर घेतले. ब्रेलचे पुस्तक जाड, वजनदार आणि महाग. शिवाय उतारवयात दृष्टी गेलेल्यांच्या बोटांना ती लिपी लवकर वळत नाही. म्हणून बोलक्या पुस्तकाची गरज इकडे अधिकच होती.

याच सुमारास जगात चुंबकीय फीत आली. तिचे यंत्र जर्मनीत तयार झाले व १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे मांडले गेले. महायुद्धानंतर ते अमेरिकेत गेले, आणि १९४७ साली बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाचा कार्यक्रम फितीवरून प्रसारित होऊ लागला. फितीचे मोठे वैशिष्ट्य हे, की ती कापून जोडता येत असे. तबकडीने जे कोणालाच दिले नव्हते, ते फितीने सर्वांना दिले.

हे कापणे कसे चाले, ते पाहण्यासारखे आहे. ध्वनिमुद्रण केंद्रात फीत सामान्यतः सेकंदाला साडेसात इंच, म्हणजे सुमारे एकोणीस सेंटिमीटर, या वेगाने फिरे. एक सेकंदाचे बोलणे जवळजवळ वीतभर फितीवर पसरलेले असे. संपादक दोन्ही चकत्यांवर हात ठेवून फीत हळूहळू मागेपुढे ओढी. तशी ती ओढली असता शब्द जड, घोगऱ्या स्वरात ऐकू येई आणि तो नेमका कोठे सुरू होतो ते कळे. ती जागा मेणाच्या पेन्सिलीने खूण करून ठेवावयाची, फीत खाच असलेल्या ठोकळ्यात बसवावयाची, तिरप्या फटीतून दाढीच्या पात्याने कापावयाची, नको असलेला तुकडा काढून टाकावयाचा आणि उरलेली दोन टोके पाठीमागून चिकटपट्टीने जोडावयाची. खोकला म्हणजे चार बोटे लांबीचा तुकडा. लांबलेला विराम म्हणजे दीड वीत.

या सर्व क्रियेत डोळ्यांचे काम किती आहे? पेन्सिलीच्या खुणेपुरते. जागा शोधावयाची ती कानांनी. फीत ओढावयाची, ठोकळ्यात बसवावयाची आणि कापावयाची ती हातांनी. खुणेऐवजी बोटाने फीत धरून ठेवली, किंवा मुद्रण ऐकविणाऱ्या शिरापासून ठोकळ्यापर्यंतचे अंतर एकदा पक्के ठरवून घेतले, की खूणही लागत नाही. शिवणकाम करणाऱ्या किंवा वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या अंध कारागिराला जे हस्तकौशल्य साधत होते, त्याच्यापलीकडचे यात काही नव्हते. काळ हाताने मोजता येत होता. ध्वनीच्या इतिहासात अंधांसाठी दार उघडले ते येथे; आणि ते कोणी मुद्दाम उघडलेले नव्हते, फितीच्या स्वभावानेच उघडले होते.

सीमाभागातील श्रोत्याला फितीचे हे युग चांगले परिचयाचे आहे. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० साली सुरू झाले, पुण्याचे १९५३ साली, आणि सांगलीचे १९६३ साली. मध्यंतरी १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. राज्याची सीमा बदलली, तरी बोरगावकडच्या श्रोत्याने रेडिओची कळ किंचित फिरविली की एकीकडे धारवाडचे कन्नड आणि दुसरीकडे पुण्या-सांगलीचे मराठी असा क्रम चालूच राहिला. त्या भाषणांतील, कीर्तनांतील आणि श्रुतिकांतील कितीतरी विराम कोणा अनामिक संपादकाने पात्याने कापलेले असत. ऐकणाऱ्याला त्याची शंकाही येत नसे. उत्तम जोड कानाला कळत नाही, हेच तिचे उत्तमपण.

पुढे १९६३ साली कॅसेट बाजारात आली. आटोपशीर आणि स्वस्त असल्यामुळे तिने बोलके पुस्तक घराघरांत नेले, अंध विद्यार्थ्यांना व्याख्याने टिपून घेता आली, आणि हा तिचा उपकार मोठाच आहे. पण कॅसेटची फीत अत्यंत अरुंद, आणि तिचा वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरांहूनही कमी. एक सेकंदाचे बोलणे बोटाच्या दोन पेरांत आटपू लागले. त्यातून एखादे अक्षर वेगळे काढणे कोणालाही दुरापास्त झाले. ऐकणारे वाढले, कापण्याचे काम मात्र मोठ्या फिती वापरणाऱ्या केंद्रांपुरतेच राहिले.

यानंतर संगणक आला, आणि या कथेतले मोठे वळण तेथे आहे. संगणकात आवाज आकड्यांच्या रूपाने साठविला जातो. १९८२ साली आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या मानाप्रमाणे दर सेकंदाला प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० आकडे. आकड्यांना रंग नाही, रूप नाही. ते डोळ्यांना दिसावेत असे त्यांच्या स्वभावात काहीच नाही. पण संपादनाच्या प्रणाली लिहिणाऱ्यांनी त्या आकड्यांचे चित्र काढले. पडद्यावर आडवी रेषा, तिच्या वर आणि खाली डोंगरांसारखे चढउतार. मोठा आवाज म्हणजे उंच शिखर, शांतता म्हणजे सपाट मैदान. माऊस हे उपकरण हातात घ्यावे, त्याच्या बाणाने नको तो भाग रंगवावा आणि पुसून टाकावा. डोळस संपादकाला हे इतके सोयीचे वाटले, की पुष्कळदा तो ऐकण्याआधी पाहू लागला. विराम कोठे आहे हे त्याला दुरूनच दिसे.

अंध माणसाला मात्र या पडद्याने काहीच दिले नाही. बोटांखालची फीत गेली, ठोकळा गेला, वीतभर लांबीचा सेकंद गेला. त्यांच्या जागी गुळगुळीत काच आली. आवाजाचे काम, जे कानाचे होते, ते डोळ्याचे झाले. कोणी त्याला हाकलून दिले असे नाही. त्याची आठवण कोणाला झाली नाही, एवढेच घडले; परिणाम मात्र हाकलून दिल्यासारखाच झाला.

हे दार पुन्हा उघडले ते दोन साधनांनी, आणि त्यांतील एक संगणकाहून पुष्कळ जुने आहे. ते म्हणजे कळफलक. इटलीत १८०८ च्या सुमारास पेलेग्रिनो तुर्री याने आपल्या स्नेहातील एका अंध सरदारकन्येला स्वहस्ते पत्रे लिहिता यावीत म्हणून कळा दाबून अक्षरे उमटविणारे यंत्र तयार केले. टंकलेखन यंत्राच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक होय, आणि तो जन्मला अंध व्यक्तीच्या गरजेतून. कळेची जागा ठरलेली असते. ती बोटांना पाठ होते. पेटी वाजविणारा स्वरांकडे पाहत बसत नाही. चांगला टंकलेखकही कळांकडे पाहत नाही. इंग्रजी कळफलकावर ‘एफ’ आणि ‘जे’ या दोन कळांवर लहानसे उंचवटे असतात. तेथे तर्जन्या टेकल्या की उरलेला सारा कळफलक हाती येतो.

दुसरे साधन म्हणजे स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी प्रणाली. आरंभीचे संगणक पडद्यावर फक्त अक्षरे दाखवीत. पंचवीस ओळी आणि दर ओळीत ऐंशी अक्षरे. ही अक्षरे संगणकाच्या स्मृतीत अक्षरे म्हणूनच असत, त्यामुळे ती उचलून यंत्राच्या आवाजात वाचणे तुलनेने सोपे होते. आय. बी. एम. मध्ये जिम थॅचर यांनी १९८० च्या दशकात अशी प्रणाली तयार केली. टेड हेंटर हे मोटारसायकलच्या शर्यतींत भाग घेणारे गृहस्थ. १९७८ साली मोटार अपघातात त्यांची दृष्टी गेली. त्यांच्या संस्थेने १९८९ साली ‘जॉज’ नावाचा स्क्रीन रीडर बाजारात आणला. पण लवकरच विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या, पडद्यावर अक्षरांऐवजी ठिपक्यांची चित्रे उमटू लागली आणि वाचणाऱ्या प्रणालीला वाचावे असे काही सापडेना. मग तिने दुसराच उपाय योजला. संगणक पडद्यावर काय काढीत आहे याकडे लक्ष ठेवून त्याची एक शाब्दिक नोंद ती स्वतःपाशी ठेवू लागली. १९९५ साली विंडोजसाठीचा जॉज निघाला व अंधांना चित्रमय संगणकावर काम करणे शक्य झाले. त्याची किंमत मात्र हजार डॉलरच्या आसपास होती. निपाणी किंवा चिकोडी तालुक्यातल्या सामान्य कुटुंबाला तो रुपयांचा आकडा ऐकूनच हात जोडावे लागले असते.

हा अडसर काढला ऑस्ट्रेलियातील दोघा अंध तरुणांनी. मायकेल करन आणि जेम्स तेह यांची ओळख लहानपणी अंध मुलांच्या एका संगीत शिबिरात झाली होती. करन यांनी २००६ साली एक स्क्रीन रीडर लिहावयास घेतला आणि तेह त्यांना येऊन मिळाले. ‘एन. व्ही. डी. ए.’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. तो विनामूल्य आहे, आणि त्याची घडणही कोणालाही पाहता येते व सुधारता येते. त्याच्यासोबत ‘ई-स्पीक’ ही बोलणारी प्रणाली येते. जॉनथन डडिंग्टन यांनी तिचा आरंभ केला आणि पुढे अनेकांनी तिच्यात भर घातली. तिचा आवाज यांत्रिक व काहीसा कर्कश आहे. पण ती मराठीही बोलते आणि कन्नडही.

दरम्यान अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ साली ‘ऑडॅसिटी’ ही ध्वनिसंपादनाची प्रणाली लिहावयास घेतली व २००० साली ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिच्यातही तरंगांचे चित्र आहेच. परंतु जवळजवळ प्रत्येक क्रियेला एखादी कळ किंवा कळांची जोडी नेमून दिलेली आहे. ही सोय केवळ अंधांसाठी केलेली नाही. वेगाने काम करणारा डोळस संपादकही तीच वापरतो.

आता बोरगावच्या त्या ओव्यांकडे वळावे. संगणकावर त्यांचे मुद्रण उघडलेले आहे आणि संपादक अंध आहे. तो रुंद ‘स्पेस’ची कळ दाबतो, आजींचा आवाज सुरू होतो. खोकला येऊ लागताच तो डावा चौकोनी कंस दाबतो, खोकला संपताच उजवा. मुद्रण चालू असतानाच त्या भागाच्या दोन्ही हद्दी आखल्या गेल्या. माणसाचे बोट आवाजाच्या मागून पोचते, म्हणून हद्द किंचित उशिरा पडलेली असते. तो ती बाणांच्या कळांनी थोडी मागे सरकवितो. स्क्रीन रीडर त्याला वेळ सांगतो, अमुक मिनिटे, अमुक सेकंद. मग तो ‘सी’ ही कळ दाबतो. या कळेची योजना फार मार्मिक आहे. तिने काहीच कापले जात नाही. कापल्यानंतर जोड कसा ऐकू येईल तेवढे ती ऐकविते. ओवीचा शेवट, आणि लगोलग पुढच्या ओवीचा आरंभ. दोहोंमधला श्वास तुटला असेल तर कानाला तत्काळ खटकते, आणि हद्द पुन्हा हलविता येते. ‘झेड’ ही कळ हद्दीला अशा बिंदूवर नेऊन बसविते, की जेथे ध्वनितरंग शून्याची रेषा ओलांडीत असतो; त्यामुळे जोडाच्या जागी ‘टक्’ असा आवाज येत नाही. सर्व मनासारखे झाले म्हणजे ‘डिलीट’. आणि काही चुकलेच, तर ‘कंट्रोल’सह ‘झेड’ दाबावे. कापलेला तुकडा जागच्या जागी परत येतो. पात्याच्या संपादकाला ही क्षमा इतक्या सहज मिळत नव्हती.

फितीच्या काळातील क्रियेशी ही क्रिया पडताळून पाहिली, तर तिचे पितृत्व स्पष्ट दिसते. चकती हाताने ओढण्याच्या जागी बाणाची कळ आली, पात्याच्या जागी डिलीट आली. निर्णय मात्र पुन्हा कानाकडे आला. पडद्यावर पाहून कापणाऱ्याला सपाट रेषा दिसली की तो ती शांतता समजून उडवितो. त्या सपाट रेषेत कधी गाणाऱ्याचा श्वास असतो, कधी शब्द ओठावर येण्याआधीची घालमेल असते. ऐकून कापणारा ती सहसा गमावीत नाही. अंधांना निसर्गतः काही दिव्य श्रवणशक्ती मिळते, अशी भाबडी समजूत आहे. तिच्या आश्रयाला जाण्याचे कारण नाही. सवयीने आणि मेहनतीने कान तयार होतो, तसा कोणाचाही होतो. ज्याला दुसरा मार्ग नाही त्याची मेहनत अधिक होते, इतकेच.

या पद्धतीत अडचणी नाहीत असे मात्र मुळीच नाही. सर्वांत मोठी अडचण अशी, की येथे दोन आवाज एकाच वेळी बोलतात. आजी ओवी म्हणत असतात आणि त्यांच्यावरच यंत्र वेळ सांगू लागते. म्हणून जाणते संपादक स्क्रीन रीडरचा आवाज एका साधनातून आणि मुद्रणाचा आवाज दुसऱ्या साधनातून काढतात. किंवा ‘कंट्रोल’ दाबून यंत्राला पटकन गप्प करतात. यंत्राचे बोलणे ते इतक्या वेगाने ऐकतात, की नवख्याला त्यातला एक शब्दही समजणार नाही. दुसरी अडचण आवाजाच्या पातळीची. ध्वनी फार मोठा होऊन फाटू लागला तर डोळस माणसाला पडद्यावरचा काटा लाल झालेला दिसतो. अंधाला तो सांगावा लागतो. यावरही उपाय निघाले आहेत. ‘रीपर’ नावाची ध्वनिसंपादनाची एक प्रगत प्रणाली आहे. तिच्यासाठी त्याच जेम्स तेह यांनी ‘ओसारा’ हे पूरक साधन लिहिले आणि अनेकांच्या साह्याने ते वाढत गेले. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की ते बोलून सूचना देते. ज्याला स्वतः संगीत करावयाचे होते, त्यानेच आपले हत्यार घडविले, हे येथे ध्यानात येते.

भारतातही या विद्येला आता वाव मिळू लागला आहे. ‘रेडिओ उडान’ ही अंध व्यक्तींनीच चालविलेली इंटरनेटवरील नभोवाणी २०१४ साली सुरू झाली. नागपुरात द ब्लाइंड रिलीफ असोसिएशन आणि ‘सक्षम’ या संस्थांनी मिळून २०२२ साली ‘रेडिओ अक्ष’ ही दृष्टिहीनांसाठीची वाहिनी इंटरनेटवर आणली. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ पासून दृष्टिहीनांसाठी साधनकेंद्र आहे. कायद्याचीही अनुकूलता लाभली. २०१२ साली स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अपंग व्यक्तींसाठी पुस्तकाचे वाचनीय किंवा श्रवणीय रूप तयार करण्यास परवानगी मागत हिंडण्याची गरज उरली नाही. याच हेतूने झालेल्या मराकेश येथील आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारत होय. ती मान्यता २०१४ साली दिली गेली. बोलक्या पुस्तकांची वाट पाहणारे हात आता ती पुस्तके स्वतः तयार करू शकतात.

विदर्भातील संत गुलाबराव महाराज यांचे उदाहरण या संदर्भात सहज आठवते. त्यांचा जन्म १८८१ सालचा. अवघ्या काही महिन्यांच्या वयात त्यांची दृष्टी गेली. इतरांकडून ग्रंथ वाचून घेऊन आणि स्वतः तोंडी सांगून त्यांनी विपुल ग्रंथरचना केली, आणि प्रज्ञाचक्षू म्हणून त्यांची ख्याती झाली. बुद्धीला दृष्टीची अडचण पडली नाही. पण वाचणारा आणि लिहून घेणारा असा दुसरा माणूस मात्र सदैव जवळ असावा लागला. कळफलक आणि स्क्रीन रीडर यांनी जी भर घातली ती नेमकी येथे. ज्या कामासाठी दुसऱ्याची वेळ पाहावी लागे, ते मध्यरात्री एकट्याने बसून करता येऊ लागले. केलेली चूक दुसऱ्या कोणाला कळण्याआधी सुधारता येऊ लागली. परावलंबनाचे खरे ओझे कोणते असते, हे ज्याने ते वाहिले आहे त्याला या दोन वाक्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

बोरगावसारख्या सीमेवरच्या गावाला यात विशेष काही आहे. तेथील मुलाच्या कानावर दोन भाषा पडतात. त्याच्या संगणकावर एका मुद्रणाचे नाव मराठीत असेल, दुसऱ्याचे कन्नडमध्ये. वाचणाऱ्या यंत्राला दोन्ही लिप्या उच्चारता आल्या पाहिजेत, आणि आता त्या येतात. प्रणाल्या विनामूल्य आहेत. जुना संगणकही त्यांना पुरतो. उरतो तो प्रश्न शिकविण्याचा. या प्रणालींची सविस्तर माहिती बहुतेक इंग्रजीत आहे. ती मराठीत आणि कन्नडमध्ये, ऐकून समजेल अशा भाषेत, सांगणारी माणसे हवीत. गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या, भजने, तंबाखूच्या वखारींत राबलेल्या स्त्रियांच्या आठवणी, हे सारे पिढीबरोबर मावळत चालले आहे. ते टिपणारे आणि त्यावर संस्कार करणारे हात जितके अधिक तितके बरे. त्यांत अंधांचे हात नसावेत असे कोणतेही कारण आता राहिलेले नाही.

मात्र या इतिहासातून एक सावधगिरीही शिकावयाची आहे. फितीने उघडलेले दार पडद्याने लावले, ते कोणाच्या द्वेषामुळे नव्हे, केवळ विस्मरणामुळे. तसे पुन्हा घडू शकते. आजही नव्या प्रणालीत एखादे बटण नुसते चित्र म्हणून ठेवले जाते आणि त्याला नाव द्यावयाचे राहून जाते. मग स्क्रीन रीडर त्यावर येऊन केवळ ‘बटण’ एवढेच म्हणतो आणि थांबतो. कशाचे बटण, हे त्यालाही ठाऊक नसते. त्या बटणाला दोन शब्दांचे नाव द्यावयास लिहिणाऱ्याला निमिषही लागत नाही. ते दिले नाही, तर कोणाचा तरी दिवसभराचा उद्योग अडून बसतो. नवी प्रणाली विकत घेताना, शाळेत बसविताना किंवा कचेरीत आणताना, ती माऊसवाचून केवळ कळांनी चालते काय आणि तिच्या प्रत्येक बटणाला नाव आहे काय, एवढे दोन प्रश्न विचारण्याची रीत पडली, तरी पुष्कळ कार्य होईल. एडिसनने आपल्या यादीत अंधांना दुसरा क्रमांक दिला होता. तो ऐकणाऱ्यांचा होता. घडविणाऱ्यांच्या यादीत त्यांचे नाव घालण्याचे काम पुढच्यांनी पुरे करावयाचे आहे.